शिंका कुणामुळे, मांजरामुळे की लिटरमुळे?

मागच्या अंकात घरातल्या धुळीच्या ॲलर्जीबद्दल लिहिलं होतं आणि त्यात जाता जाता एक ओळ होती, मांजराचा लिटर ट्रे बेडरूममध्ये ठेवू नका म्हणून (लिटर म्हणजे मांजराने शी-शू करावी म्हणून ट्रेमध्ये घालतात ती माती किंवा तसलंच काही). बाकी सगळा लेख राहिला बाजूला, पत्रं आली ती त्या एका ओळीवर. बरोबरच आहे म्हणा. पूर्वी चाळीत मांजर सगळ्यांचं मिळून एक असायचं, मासे साफ करायला बसलं की हजर, आणि बाकीचे विधी बाहेर कुठेतरी उरकून यायचं. आता ते अठराव्या मजल्यावर जाळी लावलेल्या फ्लॅटमध्ये राहतं, म्हणजे त्याचं संडास-बाथरूम आपल्याच घरात आलं, आणि मुंबईतलं घर केवढं ते तुम्हाला मी काय सांगणार. तर यावेळी सगळे प्रश्न लिटरचेच घेतलेत.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आम्ही बोरिवलीला वन बीएचकेत राहतो, मी, मिस्टर, सासूबाई आणि आमचा बोका, वय ३ वर्षं. आजवर कुणाला काही त्रास नव्हता, पण दिवाळीत लिटरची मोठी बॅग ऑफरमध्ये मिळाली, लॅव्हेंडरच्या वासाची, गोळे होणारी, तेव्हापासून मी ट्रे साफ करायला बसले की शिंकांवर शिंका, नाक गळतं, डोळे चुरचुरतात, आणि तिथून उठलं की अर्ध्या तासात सगळं नॉर्मल. सासूबाई म्हणतात बोक्याला दहा दिवस कर्जतला नणंदेकडे ठेवून बघू, तुला बरं वाटलं तर राहू दे तिकडेच. लिटरची ॲलर्जी असते का हो? की खरंच बोक्याचीच आहे? मला तर विचार करूनच रडू येतं.

उत्तर : ताई, बोक्याचं बोचकं एवढ्यात बांधू नका. तुमच्या पत्रात सगळ्यात कामाची गोष्ट तुम्हीच लिहिलीय, त्रास लिटर बदलल्यावर सुरू झाला आणि ट्रेपाशी बसल्यावरच होतो. बोक्याला मांडीवर घेऊन सिरीयल बघताना होत नाही असं मी धरून चाललेय, होत असेल तर गोष्ट वेगळी, ते पुढे सांगते.

आधी त्या बॅगेत काय असतं ते बघू. गोळे धरणारं जे लिटर सगळ्यात जास्त खपतं ते म्हणजे बेंटोनाइट, एक प्रकारची माती, ओली झाली की फुगते आणि घट्ट गोळा होते. आपल्याकडे ती गुजरातेत कच्छच्या बाजूला आणि राजस्थानात निघते. त्याच्या आधीचं जुनं लिटर म्हणजे तर आपल्या मुलतानी मातीच्याच जातीतली माती, अमेरिकेत १९४७ साली एड लो नावाच्या माणसाने शेजारणीला मांजरासाठी रेतीच्या ऐवजी ती दिली आणि त्यातून हा सगळा धंदा उभा राहिला, गोळेवालं लिटर बरंच नंतर आलं, १९८४ च्या आसपास. हे सांगायचं कारण असं की माती हे खनिज आहे, तिच्यात प्रोटीन नाही, आणि आपण डॉक्टर लोक जिला खरी ॲलर्जी म्हणतो ती बहुतेक वेळा कुठल्यातरी प्रोटीनची असते, शरीर त्याच्याविरुद्ध आयजीई नावाच्या अँटिबॉडी तयार करून ठेवतं आणि ते प्रोटीन परत नाकात गेलं की हिस्टामिन सुटतं, मग शिंका, खाज, पाणी. तेव्हा नुसत्या मातीची अशी ॲलर्जी सहसा नसते. पण म्हणून त्रास खोटा नाही हां.

कारण ट्रेपाशी वाकून बसलं की नाकात एकटी माती जात नाही. बॅग ओतताना आणि बोका उकरताना जी बारीक भुकटी उडते ती नाकाच्या आतल्या नाजूक कातडीला नुसती घासूनसुद्धा शिंका आणते, तिथे ॲलर्जीची गरजच नाही. मग तो लॅव्हेंडर. वासाची द्रव्यं काही जणांच्या नाकाला आणि छातीला अजिबात चालत नाहीत, दमा असला तर झटका येण्यापर्यंत जातं, आणि गंमत बघा, हा वास मांजरासाठी घातलेलाच नसतो, तो आपल्यासाठी असतो, मांजराला बहुतेक वेळा आवडतही नाही. तिसरा अमोनिया, लघवीतला युरिया बॅक्टेरिया फोडतात तेव्हा हा गॅस सुटतो, डोळे चुरचुरण्यात याचा हात मोठा, आणि ट्रे दोन दिवस साचला की वाढतोच.

आणि चौथा खुद्द बोका. मांजराच्या ॲलर्जीचं मुख्य प्रोटीन आहे फेल डी १ नावाचं. लोकांना वाटतं ॲलर्जी केसांची असते, तसं नाही, हे प्रोटीन तयार होतं मांजराच्या लाळेत, कातडीतल्या तेलाच्या ग्रंथींत आणि शेपटीखालच्या ग्रंथींत, थोडं लघवीतही सापडतं. मांजर दिवसभर स्वतःला चाटत बसतं, लाळ केसांवर वाळते आणि तिचे इतके सूक्ष्म कण होतात की तासन् तास हवेत तरंगत राहतात. आता ट्रे ही अशी जागा की बोका तिथे रोज जाऊन जोरजोरात उकरतो, म्हणजे मातीच्या भुकटीबरोबर हेही उडणारच. नसबंदी न केलेल्या बोक्यात हे प्रोटीन जास्त असतं, ऑपरेशननंतर कमी होतं. तुमच्या बोक्याचं झालं नसेल तर ते तसंही करून घ्या, परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात किंवा तुमच्या नेहमीच्या व्हेटकडे विचारा.

गर्दीच्या लोकलमध्ये पाकीट गेलं की शेजारी चिकटून उभा असलेला माणूसच चोर वाटतो, तसं बोक्याचं झालंय. चौघांतला नक्की कोण ते शोधायचं तर एका वेळी एकच गोष्ट बदला, सगळं एकदम बदललंत तर बरं वाटेल पण कशाने ते कळणार नाही. पहिले लॅव्हेंडरची बॅग बंद, पूर्वीचं बिनवासाचं लिटर परत आणा, बाकी काही हलवू नका आणि आठ-दहा दिवस बघा. शिंका गेल्या तर प्रश्नच मिटला, ती ऑफरची बॅग कुणाला तरी देऊन टाका. नाही गेल्या तर पुढचे आठ दिवस ट्रे मिस्टरांनी साफ करायचा (त्यांना हे माझ्या नावावर सांगा) आणि तुम्ही बोक्याला मात्र नेहमीसारखं जवळ घ्यायचं. ट्रेपासून लांब राहून त्रास थांबला तर धूळ किंवा अमोनिया. ट्रेला हात न लावताही बोका गालाला घासला की डोळे खाजतात, त्याने चाटलं तिथे गांधी उठतात, त्याच्या उशीवर डोकं टेकलं की नाक चोंदतं, असं असेल तर मग बोक्याचंच प्रोटीन आहे असं समजा आणि टेस्ट करा. तीन वर्षं काही नव्हतं म्हणून आता नसणार असं धरू नका, मांजराबरोबर बरीच वर्षं राहूनही ॲलर्जी नव्याने सुरू होते. जळजळ आणि चुरचुर जास्त असेल तर संशय अमोनियावर नि धुळीवर, खाज जास्त असेल तर ॲलर्जीवर, हा अगदी पक्का नियम नाही पण मी पेशंटला पहिलं हेच विचारते.

आता सासूबाईंचं कर्जत. त्यांना सांगा की दहा दिवसांनी काहीही कळणार नाही, कारण मांजर घरातून गेलं तरी ते प्रोटीन गादीत, सोफ्यात, पडद्यांत चार-सहा महिनेसुद्धा टिकतं. बोका कर्जतला आणि शिंका बोरिवलीतच, असं व्हायचं. उलट बोक्याबरोबर ट्रेही जाईल, म्हणजे लिटरने होणारा त्रास थांबेल आणि नाव बोक्याचं होईल. आपण कोकणात गणपतीला गेलो की बरं वाटतं, तोही पुरावा धरू नका, तिकडे गेल्यावर मांजर, ट्रे, मुंबईची धूळ, कबुतरं, भिंतीची ओल सगळंच एकदम सुटतं.

प्रश्न : अंधेरीत राहतो, वय २९. घरी दोन मांजरं. सकाळी उठल्यावर खूप शिंका. ऑनलाइन पॅकेज बुक करून ब्लड टेस्ट केली, टोटल आयजीई ६४० आलंय, रिपोर्टवर लाल अक्षरात. म्हणजे मांजराची ॲलर्जी कन्फर्म ना? आणि लिटरची वेगळी टेस्ट असते का?

उत्तर : नाही दादा, काहीच कन्फर्म नाही. टोटल आयजीई वाढलंय म्हणजे शरीर कशावर तरी चिडलेलं असू शकतं, कशावर ते हा आकडा सांगत नाही. धुळीतल्या माइट्समुळे, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्यांमुळे वाढतं, दम्याने वाढतं, एक्झिमाने वाढतं, पोटात जंत असले तरी वाढतं. ‘मांजर’ असं नाव लिहिलेली स्पेसिफिक आयजीई मागा, किंवा ॲलर्जी करणाऱ्या डॉक्टरांकडे स्किन प्रिक टेस्ट करा, हातावर थेंब ठेवून सुईने हलकंसं टोचतात, १५-२० मिनिटांत समजतं. प्रिक टेस्टच्या आधी सेटिरीझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळ्या साधारण आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर टेस्ट खोटी निगेटिव्ह येते, पण त्या डॉक्टरांना विचारूनच बंद करा, रक्ताच्या टेस्टला ही अट नाही. आणि लिटरची अशी वेगळी टेस्ट नसते, ते वरच्या ताईंना सांगितलं तसं घरीच एकेक गोष्ट बदलून शोधायचं.

तुमच्या पत्रात मला खटकलं ते ‘सकाळी उठल्यावर’. सकाळी सकाळी तुम्ही काही ट्रेपाशी नव्हता, गादीत होता. मुंबईची हवा म्हणजे माइट्सना माहेर, त्यांना दमट हवा लागते आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या वरच असते. माइट्स आणि झुरळं हे दोघे या शहरातल्या नाकांचे जुने वैरी. तेव्हा टेस्ट करतानाच मांजर, माइट्स, झुरळ, बुरशी असं एकत्र करा, दोनशे पदार्थांचं पॅनल नको, त्यात पाच-सहा गोष्टी उगाच पॉझिटिव्ह येतात आणि लोक वांगी सोडून बसतात. टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी त्या गोष्टीने प्रत्यक्ष त्रास होतो का ते जुळलं पाहिजे, नाहीतर तो नुसता कागद.

आणि मांजरं झोपतात कुठे ते लिहिलं नाहीत. उशीवर झोपत असतील तर आधी ते बंद.

प्रश्न : आम्ही कुर्ल्याला राहतो. मिस्टरांना लहानपणापासून दमा आहे, पंप घेतात. मुलीने हट्टाने पिल्लू आणलं, आता महिन्याला लिटरचा खर्च परवडत नाही म्हणून खालच्या सुताराकडून भुसा आणते, फुकट मिळतो. चालेल ना? का टोफूवालं घेऊ? दुकानदार म्हणतो ते नॅचरल आहे, त्याने ॲलर्जी होत नाही.

उत्तर : भुसा आजच बंद करा. पैशाचं मला कळतं, पण दम्याच्या घरात लाकडाची भुकटी म्हणजे नको तेच. काही लाकडांच्या धुळीने सुतारकाम करणाऱ्यांना नव्याने दमा होतो हे चांगलं माहीत असलेलं आहे, आणि आपल्याकडच्या सुताराचा भुसा म्हणजे खऱ्या लाकडाचा कमी आणि प्लायवूड, एमडीएफचा जास्त, त्यात चिकटवायचा गोंद, फॉर्मल्डिहाइड, सगळं आलं. पिल्लू त्यात नाक खुपसतं ते वेगळंच.

आता दुकानदाराचं ‘नॅचरल’. इथे उलटं आहे बघा. माती कितीही धूळ उडवो, तिच्यात प्रोटीन नाही असं वर सांगितलं, पण टोफू लिटर म्हणजे सोयाबीनचा चोथा, काही लिटरं मक्याची असतात, काही गव्हाची, ही सगळी वनस्पतींपासून झालेली, म्हणजे यांत प्रोटीन आहे आणि खरी ॲलर्जी व्हायची झाली तर यांचीच होऊ शकते. स्पेनमध्ये बार्सिलोनाला १९८० च्या दशकात काही ठराविक दिवशी दम्याचे पेशंट एकदम हॉस्पिटलात धावायचे, कुणाला कळेना, शेवटी लक्षात आलं की बंदरावर सोयाबीनची जहाजं खाली होतात त्या दिवशी असं होतं, सोयाबीनच्या सालीची धूळ शहरभर पसरायची. तुमच्या ट्रेमधून काही जहाज उतरत नाही, टोफूचे दाणे कांडी करून घट्ट दाबलेले असतात आणि त्यांची धूळ खरंच कमी उडते, बऱ्याच दमेकऱ्यांना ते मातीपेक्षा मानवतं. फक्त घरात कुणाला सोयाची ॲलर्जी असेल तर नको, आणि पावसाळ्यात उघडी बॅग ठेवलीत तर बुरशी येते, किडेही होतात, मग त्या बुरशीची वेगळी ॲलर्जी. डब्यात घट्ट झाकण लावून ठेवा, तांदूळ ठेवतो तसं.

बाकी पर्याय. पाइनच्या कांड्या मिळतात, कोरड्या असताना धूळ नसते पण भिजल्या की त्यांचाही भुसाच होतो, तो रोज काढावा लागतो. सिलिका जेलचे खडे, धूळ कमी, लघवी शोषतात, शी मात्र रोज उचलायची, महाग पडतात आणि काही मांजरांना पायाला टोचतात. कागदाच्या कांड्याही येतात. घरी वर्तमानपत्र फाडून टाकलं तर सगळ्यात स्वस्त, धूळ नाही, पण वास धरून ठेवत नाही म्हणजे दिवसातून दोन-तीनदा बदलायचं, तेवढा वेळ असेल तर माझी काही हरकत नाही. आणि मातीचंच घ्यायचं असेल तर कमी धुळीचं, बिनवासाचं. बॅगेवर ‘डस्ट फ्री’ लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका, थोडं काळ्या कागदावर ओतून बघा, सगळं दिसतं. मातीच्या धुळीत स्फटिक सिलिका असते म्हणून लोक घाबरतात, दगडखाणीत आणि दगड कापायच्या कामात वर्षानुवर्षं राबणाऱ्यांना त्याने सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होतो हे खरं, घरात एक ट्रे साफ करण्याची त्याच्याशी बरोबरी नाही, पण दमा असलेल्या माणसाच्या छातीत रोज ती धूळ जायचं कारणही नाही.

ट्रे भरताना पंखा बंद. हे कुणी करत नाही. मुंबईत पंखा म्हणजे चोवीस तास, आणि त्याच्याखाली बॅग उपडी केली की अख्ख्या खोलीभर. बॅग ट्रेला टेकवून हळू ओता, खिडकी उघडी, मिस्टर दुसऱ्या खोलीत किंवा सरळ खाली चहाला, आणि धूळ बसेपर्यंत वीसेक मिनिटं आत यायचं नाही. साफ तुम्ही करा, एन-९५ मास्क लावून, रोज दोनदा, साचू दिलं तर अमोनिया. ट्रे शक्यतो बाथरूममध्ये, एक्झॉस्ट चालू असेल तर उत्तम. पुस्तकात लिहितात मांजरं असतील त्यापेक्षा एक ट्रे जास्त ठेवा, ते पुस्तक कुर्ल्यात लिहिलेलं नाही, तुमचा एकच पुरे. लिटर बदलाल तेव्हा जुन्यात थोडं थोडं नवं मिसळत आठवडाभरात बदला, नाहीतर पिल्लू रुसून गादीवर कार्यक्रम करतं. फ्लश होतं असं लिहिलेलं असलं तरी फ्लश करू नका, माती तर अजिबातच नाही, बिल्डिंगचा पाइप तुंबला की सोसायटीच्या मीटिंगमध्ये काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

मिस्टरांचा रोजचा पंप चालू राहू द्या, ‘आता घरात मांजर आहे म्हणून जास्त घेतो’ किंवा ‘बरं वाटतंय म्हणून बंद करतो’ असं दोन्ही नको. रात्री घरघर व्हायला लागली, निळा पंप (दम लागल्यावर तात्पुरता घेतात तो) आठवड्यातून दोन-तीनदाच्या वर लागायला लागला तर छातीच्या डॉक्टरांना लगेच दाखवा.

प्रश्न : विक्रोळीहून लिहितेय. मला चौथा महिना आहे. आईने सांगितलं लिटरच्या वासानेसुद्धा बाळाला त्रास होतो, मांजर देऊन टाक. नाकही सारखं चोंदलेलं असतं, ते लिटरमुळेच असेल का?

उत्तर : वासाने बाळाला काही होत नाही. आईच्या मनात जे आहे ते टोक्सोप्लाझ्मा असणार, तो जंतू ॲलर्जीचा नाही, इन्फेक्शनचा. मांजराला ते झालं असेल तर काही आठवडे शीमधून त्याची अंडी पडतात, आणि ती पडल्या पडल्या लागण करत नाहीत, त्यांना १ ते ५ दिवस लागतात. म्हणून ट्रे रोजच्या रोज साफ झाला पाहिजे आणि तो दुसऱ्या कुणीतरी करायचा, हे नऊ महिने नवऱ्याचं काम. अगदीच वेळ आली तर हातमोजे आणि नंतर साबणाने हात. घरातच राहणाऱ्या, कच्चं मटण न खाणाऱ्या मांजराकडून हे होण्याची शक्यता कमी, अर्धंकच्चं मटण आणि न धुतलेली भाजी याची भीती मला जास्त वाटते. मांजर देऊन टाकायची गरज नाही.

नाक चोंदणं गरोदरपणात नुसत्या हार्मोन्समुळेही खूप जणींना होतं आणि बाळंत झाल्यावर जातं. मिठाच्या पाण्याने नाक धुवा, पाणी उकळून गार केलेलंच घ्या. मेडिकलवाल्याकडून नाकाचे ड्रॉप्स स्वतःच आणू नका, तुमच्या गायनॅकला विचारा.

प्रश्न : गिरगावात चाळीत राहतो, वय ७१. शेजारच्यांनी मांजराचा ट्रे कॉमन गॅलरीत माझ्या खिडकीखाली ठेवलाय. भयंकर वास. महिनाभर खोकला आहे. त्यांना सांगून काही उपयोग नाही म्हणून मीच रोज सकाळी त्या ट्रेभोवती फिनेल आणि ब्लीच ओततो. या खोकल्याला ॲलर्जी म्हणायचं का?

उत्तर : आजोबा, आधी ते ओतणं थांबवा, मग खोकल्याचं बोलू. मांजराच्या लघवीत अमोनिया असतो, त्यावर ब्लीच पडलं की क्लोरामाइन नावाचा विषारी गॅस होतो, थोडाजरी झाला तरी डोळ्यांत, घशात, छातीत जळजळ आणि खोकला. म्हणजे वासाने होत होतं त्यात तुम्ही स्वतःच्या खिडकीखाली भर घालताय. फिनेल मांजराच्या पायाला लागलं आणि त्याने चाटलं तर ते मरूही शकतं, मांजराचं लिव्हर असली द्रव्यं पचवू शकत नाही, मग शेजाऱ्यांशी भांडण कुठल्या थराला जाईल? साधा साबण आणि गरम पाणी, बस. आणि ट्रेही त्यांनीच धुवायचा.

आता खोकला. दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की आपल्या देशात पहिली तपासणी टीबीची, हे मी श्रीमंत-गरीब सगळ्यांना सांगते. जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात जा, बेडका तपासतात, एक्सरे काढायला सांगतील, टीबीची तपासणी तिथे फुकट होते. विडी-सिगरेट ओढत असाल किंवा ब्लडप्रेशरची गोळी चालू असेल तर तेही सांगा, काही बीपीच्या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो. आणि खिडकीच्या वळचणीला कबुतरं आहेत का ते बघा, गिरगावात नसतील तर नवल. कबुतरांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने काही लोकांची फुफ्फुसं हळूहळू सुजतात, तो आजार ट्रेपेक्षा कितीतरी गंभीर. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हा मुंबईत केवढा वाद झाला आठवतं ना, तो याच कारणावरून. मांजर आवाज करतं म्हणून दिसतं, कबुतरं सवयीची झालीत.

एवढं करून रिपोर्ट साफ आले तर ट्रेचा वास खोकला वाढवत असेल हे मला मान्य आहे, अमोनिया खोकला आणतोच. तेव्हा शेजाऱ्यांना पत्र नको, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा आणि ट्रे त्यांच्या मोरीत घ्यायला सांगा. ‘तुमच्या मांजराचा वास येतो’ असं म्हटलं की माणूस चिडतो, ‘मला दम लागतो हो’ म्हटलं की ऐकतो, बहुतेक वेळा.

थोडक्यात काही :

*‘बिनकेसांचं किंवा सायबेरियन मांजर घेतलं तर ॲलर्जी होत नाही ना?’* (पवई) प्रोटीन लाळेत आणि कातडीत, केस असोत नसोत. काही मांजरांत कमी असतं, अजिबात नाही असं मांजर नाही. घ्यायच्या आधी त्याच मांजराबरोबर दोन-तीनदा तास-दोन तास बसून बघा, ते लाखभर रुपयांपेक्षा स्वस्त.

*‘दर रविवारी मांजराला अंघोळ घालते, उपयोग होतो का?’* (ठाकुर्ली) होतो, दिवस-दोन दिवस. मग परत चाटून तेवढंच. मांजर आणि तुम्ही दोघंही रविवारचा आराम करा, त्यापेक्षा चादरी गरम पाण्यात धुवा आणि हेपा फिल्टरचा (अगदी बारीक धूळही अडवणारा) व्हॅक्युम मिळाला तर तो फिरवा. मांजराचं एक खाणं निघालंय अंड्यातल्या अँटिबॉडी घातलेलं, परदेशात २०२० पासून, ते लाळेतलं प्रोटीन निकामी करतं, कंपनीच्या अभ्यासात तिसऱ्या आठवड्यापासून केसांवरचं प्रोटीन सरासरी ४७ टक्के कमी झालं. निम्मं तरी उरलंच.

*‘ट्रे साफ केल्यावर बोटांमध्ये लाल होऊन खाजतं.’* (भांडुप) ही बहुतेक वेळा कातडीची ॲलर्जी किंवा जळजळ असते, धुवायला काय वापरता ते आधी बघा, आणि लिटरमधला सुवास. हातमोजे रबराचे असतील तर त्यांनीही होतं, नायट्राइलचे वापरा. दोन आठवड्यांत गेलं नाही तर स्किनवाल्यांकडे.

*‘आम्ही सगळे ठीक आहोत, पण ट्रेमधून आल्यावर आमची मनीच खोकते.’* (माहीम) मांजरालाही दमा होतो आणि लिटरच्या धुळीने तो चाळवतो. जमिनीला पोट टेकवून, मान पुढे ताणून खोकते आणि शेवटी काही बाहेर पडत नाही, असं असेल तर केसाचा गोळा अडकलाय म्हणून सोडू नका. मोबाइलवर व्हिडिओ काढून व्हेटला दाखवा, दवाखान्यात नेल्यावर ती हमखास खोकणार नाही. तोपर्यंत मातीचं लिटर बंद, वासाचं तर नकोच, आणि तोंड उघडं ठेवून श्वास घेताना दिसली तर रात्र असो की काही, ताबडतोब घेऊन जा.